आत्याबाई जिवंत आहेत

गेल्या वैशाखांतली गोष्ट. जळगांवचा वैशाख ज्यांनीं भोगला आहे त्यांना दुपारीं बारा ते पांच या वेळांत आमच्या घरीं काय चाललेलें असतें हें सांगावयास नको. दारें-खिडक्या लावलेल्या, माजघरांत कूलरची घरघर, आणि लहानमोठीं सारीं माणसें फरशीवर आडवीं झालेलीं. अशा एका दुपारीं माझ्या धाकट्या बंधूंची नात मोबाईल हातांत घेऊन माझ्या उशाशीं येऊन बसली आणि हलक्या आवाजांत म्हणाली, "आबा, तुमच्या आत्याबाई मेल्या नाहीत बरं का! भुसावळला खाणावळ चालवतायत."

मी ताडकन्‌ उठून बसलों. कारण त्या बाईंना मीं माझ्या हातानें मारलें होतें, आणि तेंहि सुमारें वीस वर्षांपूर्वीं.

वाचकांनीं दचकूं नये. मी पेशानें दूरचित्रवाणीचा लेखक, आतां निवृत्त. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरूं झालें, आणि त्याच दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानें त्या लहानशा पडद्यावर अवतरले. मी त्या वेळीं मुंबईस एका कचेरींत कारकुनी करीत होतों. चाळींतील शेजाऱ्यांच्या खोलींत दाटीवाटीनें बसून तें पाहतांना मला वाटलें कीं, करावें तर हेंच. पण नियमित काम माझ्या हातीं येईतों जमाना निराळा झाला होता. १९९९ सालीं 'अल्फा मराठी' सुरूं झाली, मागोमाग आणखी वाहिन्या आल्या, आठवड्याच्या मालिका रोजच्या झाल्या, आणि लेखन ही एकट्यानें करावयाची गोष्ट उरली नाहीं. कथा एकानें रचावयाची, पटकथा दुसऱ्यानें बांधावयाची, संवाद तिसऱ्यानें घालावयाचे. अर्ध्या तासांतून जाहिराती वजा जातां बावीस मिनिटें उरत, आणि त्या बावीस मिनिटांचें भवितव्य दर आठवड्यास येणारे प्रेक्षकसंख्येचे आंकडे ठरवीत. सेटवर दिवे लागले असतां पुढचे संवाद फोनवरून सांगण्याचे प्रसंगहि मजवर आले आहेत. त्यांत मौज नव्हती असें मी म्हणणार नाहीं. पैसेहि बरे मिळाले.

अशाच एका मालिकेंत, २००४ च्या सुमारास, आत्याबाई हें पात्र माझ्या लेखणीस आलें. मालिकेचें नांव सांगण्यांत स्वारस्य नाहीं. पात्र मात्र मीं कोठून आणलें तें सांगितलें पाहिजे. तें माझ्या सख्ख्या आत्यावरूनच बेतलेलें होतें. लग्नानंतर दोन वर्षांच्या आंत कपाळ पांढरें होऊन ती माहेरीं आली आणि पुढें साठ वर्षें आमच्या जुन्या जळगांवांतील घरांत सर्वांच्या आधीं उठली नि सर्वांच्या मागून निजली. तिचें तें तुटक बोलणें, रडूं आलें म्हणजे भांडीं घासावयास बसणें, दुसऱ्याच्या मुलांची वेणीफणी करतांना आपलें गाऱ्हाणें भिंतीला सांगणें, सारें मीं उचललें. प्रेक्षकांना आत्याबाई फार आवडल्या. मग एका आठवड्यास आंकडे उतरले, आणि वरून आज्ञा झाली कीं, घरांत एक मृत्यु पाहिजे. तरुण नायिकेला मारणें शक्य नव्हतें. तिच्या चेहऱ्यावर जाहिराती येत होत्या. मीं दोन रात्रींत आत्याबाईंना हृदयविकारानें मोकळें केलें.

तो भाग झाला त्या रात्रीं घरून फोन आला. आत्या स्वतः बोलत होती. "अरे, मला मारलंस का रे?" असें म्हणून ती हसली. मीहि हसलों. तिचें नांव, तिचें लकबींचें भांडार मीं वापरलें हें तिला कधीं सांगितलें नव्हतें. तिनें तें पहिल्याच आठवड्यांत ओळखलें होतें. दोन वर्षांनीं ती खरोखरच गेली, आणि मी चित्रीकरणांत अडकल्यामुळें तेराव्याला पोंचलों.

आतां भुसावळच्या खाणावळीकडे वळूं. नातीनें मला दाखविलें तें असें: तीस-चाळीस जणांचें एक मंडळ आहे. कोणी धुळ्याचा, कोणी पुण्याची, एक तर अमेरिकेंत न्यू जर्सीस असलेली. बहुतेक पंचवीस-तिशींतलीं मुलें. लहानपणीं आजीच्या मांडीवर डोकें ठेवून ज्या मालिका त्यांनीं पाहिल्या, त्यांतील पात्रें घेऊन हीं मुलें संगणकावर नव्या कथा लिहितात आणि एकमेकांस वाचावयास देतात. मोबदला नाहीं. खरें नांव कोणी लावीत नाहीं. जेथें मूळ कथेनें अन्याय केला असें वाटतें, तेथें तो दुरुस्त करणें हा त्यांचा आवडता उद्योग. आत्याबाईंचा मृत्यु हा त्यांच्या मतें असाच एक अन्याय. एका मुलीनें त्यांना इस्पितळांतून जिवंत बाहेर काढून, भावाच्या घरीं परत न नेतां, थेट भुसावळच्या गाडींत बसविलें होतें.

हा प्रकार जगाला नवा नाहीं, हें मला पुढें कळलें. अमेरिकेंत 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ सालीं सुरूं झाली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिच्या चाहत्यांनीं 'स्पॉकानालिया' नांवाचें स्वतःचें नियतकालिक काढून त्यांत स्वतःच्या कथा छापल्या. अशा कथांचें 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नांवाचें एक प्रचंड भांडार २००९ पासून चाहतेच चालवितात, आणि २०१९ सालीं त्याला ह्यूगो पुरस्कारहि मिळाला. कॉनन डॉइलनें १८९३ सालीं शेरलॉक होम्सला धबधब्यांत लोटलें तेव्हां वाचक किती चिडले हें सर्वश्रुत आहे. दहा वर्षांनीं त्याला होम्स परत आणावा लागला. पण डॉइलला परत आणण्याची मुभा होती. मला ती नव्हती. करारपत्रावर सही केली त्याच दिवशीं आत्याबाई वाहिनीच्या झाल्या होत्या. म्हणजे त्या भुसावळच्या मुलीइतकाच मीहि आत्याबाईंना परका, आणि तिच्याइतकाच अनधिकारी!

तरीहि प्रथम मला राग आला, हें कबूल करतों. दुसऱ्याच्या ताटांत हात घालावयाचा हा कोणता शिष्टाचार? मग मला नाथांची आठवण झाली. शके १५०६ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावून ठेवलें कीं, यांत कोणी आपली ओवी घालील तर तें अमृताच्या ताटांत करवंटी ठेवण्यासारखें होईल. माझ्या बाजूनें याहून मोठा साक्षीदार कोण मिळणार? पण त्याच नाथांचें भावार्थ रामायण युद्धकांडांत अपुरें राहिलें, आणि तें गावबानें पुरें केलें अशी परंपरा आहे. तोच गावबा, जो पुरणपोळीच्या लोभानें नाथांच्या घरीं राहिला म्हणून सांगतात. लहानपणीं आमच्या घरीं तें वाचलें जाई तेव्हां नाथ कोठें थांबले आणि गावबा कोठें लागला हें विचारण्याची कोणाला आठवणहि होत नसे. धुळ्यास समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठामठांतून जमविलेल्या पोथ्या वाग्देवता मंदिरांत आहेत. वडिलांनीं मला त्या मुद्दाम नेऊन दाखविल्या होत्या. जुन्या नकलकारांना नक्कल करतां करतां मध्येंच आपल्या पदरची ओवी सुचे, आणि ते ती बेधडक घालीत, असें त्यांनीं मला तेथें सांगितलें. संशोधकांची त्यानें डोकेदुखी झाली. पण रात्रीं समईच्या उजेडांत दुसऱ्याचें लिहिलेलें उतरवीत बसलेल्या माणसाला एखादी ओवी सुचूंच नये, असें म्हणणारा मी कोण? जन्मभर मीं तरी दुसरें काय केलें? कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, आणि मध्यें माझ्या पदरचे संवाद.

आषाढांत मीं त्या मंडळांत नांव घातलें. टोपणनांव 'भरताचें वांगें'. तें नातीनें सुचविलें, आणि खानदेशांत त्याहून सन्मान्य नांव नाहीं. मी कोण हें सांगावयाचें नाहीं, असें आम्हां दोघांत ठरलें.

मंडळाचा एक नियम आहे: कथा सर्वांपुढें ठेवण्यापूर्वीं एका सभासदास तपासावयास द्यावयाची. माझी कथा भुसावळच्याच मुलीकडे गेली. माझ्या कथेंत आत्याबाई खाणावळीच्या पैशांतून पोस्टांत आपल्या नांवाचें खातें उघडतात. हें मला ठाऊक होतें. "माझ्या नांवाचं एक पोस्टाचं पुस्तक असावं," असें आत्या नेहमीं म्हणे. मग पहिली शिल्लक पडतांच त्या भाच्यासाठीं एक फाउंटन पेन घेतात. हेंहि मला ठाऊक होतें. १९६९ सालीं मी अकरावीची परीक्षा पास झालों तेव्हां आत्यानें मला तसें पेन दिलें होतें. पैसे तिनें कोठून आणले, मीं विचारलें नव्हतें.

दोन दिवसांनीं अभिप्राय आला. भाषा चांगली आहे, अशी सुरुवात होती. पुढें लिहिलें होतें: "पण पैसे आल्याबरोबर आत्याबाई भाच्यालाच कां देतील? हें मूळ लेखकाचें खूळ आहे. आत्याबाईंनीं दिलेलें त्याला आवडे. आत्याबाईंना काय हवें होतें हें त्यानें तीन वर्षांत एकदांहि विचारलें नाहीं. तुम्ही तरी त्याच्यासारखें लिहूं नका."

पन्नास वर्षांच्या लेखनांत मजवर टीका झाली नाहीं असें नाहीं. परंतु हें वाचून मीं मोबाईल पालथा ठेवला आणि तीन दिवस त्याला हात लावला नाहीं. उत्तर देणें सोपें होतें. 'मूळ लेखक मीच' एवढे तीन शब्द पुरे होते. ते लिहिले असते तर ती मुलगी ओशाळली असती, सर्वांनीं माझें कौतुक केलें असतें, आणि तिचा प्रश्न तसाच राहिला असता. आत्याला स्वतःसाठीं काय हवें होतें? मला खरोखरच माहीत नव्हतें.

चौथ्या दिवशीं मीं आईला विचारलें. आई आतां ब्याण्णव वर्षांची आहे. कालचें विसरते, पण १९५५ सालचें तिला पाठ आहे. ती वाती वळीत बसली होती. जराहि न थांबतां ती म्हणाली, "काळा चष्मा."

"काय?"

"अरे, काळा चष्मा. समोरच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरीणबाई दुपारच्या उन्हांत घालून यायच्या, बघ. वन्सं ओट्यावरून टक लावून पाहायच्या. एकदा मला म्हणाल्या, 'वहिनी, तो घातला कीं उन्हाचं चांदणं दिसत असेल, नाही?'"

"मग घेतला कां नाही कधीं?"

आईनें माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं, मी बहात्तर वर्षांचा आहें हें क्षणभर विसरलों. "विधवा बाईनं काळा चष्मा? तुझ्या आजोबांच्या घरांत?" ती म्हणाली, आणि पुन्हां वातीकडे वळली.

त्या रात्रीं मीं पेन खोडलें. आत्याबाई भुसावळ स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर एका गाडीवाल्यापुढें उभ्या राहतात, आरशांत पाहतात, चष्मा उतरवितात, पुन्हां घालतात. उन्हाच्या चांदण्याचें वाक्य मीं आत्याचेंच ठेवलें. तें माझ्याच्यानें बदलवेना. भुसावळच्या मुलीनें लगेच उत्तर धाडलें कीं, आतां या आत्याबाई खऱ्या वाटतात, आणि पुढचें प्रकरण दोघांनीं मिळून लिहूं या का? मी कोण आहें हें तिला अजून ठाऊक नाहीं. नातीचा आग्रह आहे कीं सांगावें. पाहूं.

कथा छापून घेऊन, अक्षरें मोठीं करून, मीं ती आईला वाचून दाखविली. तिनें सारी शांतपणें ऐकली. शेवटीं म्हणाली, "कितीला घेतला तें कुठं लिहिलंयस? वन्सं भाव केल्याशिवाय घ्यायच्या नाहीत."

तेव्हां मी पुन्हां लिहावयास बसलों आहें. गाडीवाल्यानें दीडशें सांगितले आहेत, आणि आत्याबाई सत्तरांवर अडून बसल्या आहेत.