नाशिकच्या कवितेतला देश

उझबेक कवी चोल्पानला 1938 मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या, ठपका राष्ट्रवादाचा. ते ऐकून मित्र म्हणाला, "कवितेला एवढं कोण भितं?" मी त्याला थेट नाशिकला नेलं.

उजाडताच बाहेर पडलो. रामकुंडाची गर्दी ओलांडून तीळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिरापाशी आलो. सावरकर बंधूंच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेचे कवी गोविंद, म्हणजे आबा दरेकर, पायांनी अधू होते. त्यांची गाणी मात्र मेळ्यांतून गावभर फिरली. पुराण-इतिहासाचे दाखले देत ती परकीय सत्तेवर घाव घालत. अशा कवितांची पुस्तिका छापली म्हणून 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळ्या पाण्याची! मित्राला उत्तर मिळालं.

पण गोविंदांच्या स्वतंत्र देशात कोणाकोणाला जागा होती? हा प्रश्न पंचवटीत काळारामासमोर उभा राहतो. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला, तरी दरवाजे उघडले नाहीत. विशीतले वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, या लढ्यात उतरले होते. 1942 मध्ये वि. स. खांडेकरांनी त्यांची 'विशाखा' प्रसिद्ध केली. त्या संग्रहात तुरुंगातल्या क्रांतिकारकांच्या शेजारी लिलावात घर गमावणारा गरीबही आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेत देशाच्या नकाशावर माणसं दिसू लागतात, ती इथूनच आली असावीत असं मला वाटतं.

टिळकवाडीत कुसुमाग्रज प्रतिष्ठानपाशी इतिहासाचे एक प्राध्यापक भेटले. आंबेडकरी कवी वामनदादा कर्डकांचं नाव काढताच म्हणाले, "ती चळवळीची गाणी, राष्ट्रीय कविता वेगळी." मी विचारलं, "गोविंदांची गाणी चळवळीची नव्हती?" ते म्हणाले, "तेव्हा शत्रू परका होता." यावर तासभर वाद झाला.

त्र्यंबकेश्वर राहिलं. आम्ही सिन्नरची एसटी पकडली आणि पुढे देशवंडीला, वामनदादांच्या जन्मगावी गेलो. 15 ऑगस्ट 1922 चा त्यांचा जन्म. अक्षरओळख उशिरा झाली, आणि मग बाबासाहेबांचा विचार त्यांनी गाण्यांतून वस्त्यावस्त्यांत पोचवला. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा देश आपला म्हणता यावा, यासाठी ते आयुष्यभर गात राहिले. याहून राष्ट्रीय काय असतं? गोविंदांनी देश मागितला, कुसुमाग्रजांनी त्यातला माणूस पाहिला, वामनदादांनी त्या माणसाचा हक्क सांगितला. शाळेच्या पुस्तकात हे तिघे एकाच धड्यात हवेत.