आलेखवहीतला किल्ला

किनवटच्या सागाच्या जंगलात वाट चुकली की दूरचं काही कामाला येत नाही. पावसाळ्यात पानं एवढी मोठी होतात की थोड्या पावलांपलीकडे रान मिटूनच जातं. मग जवळचं नीट पाहावं लागतं: मोडलेली फांदी, वारूळ, बैलगाडीची चाकोरी. ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ या खेळावर माझा जीव जडला, त्याचं एक कारण हेच असावं. त्या खेळातल्या किल्ल्यातही वळणापलीकडचं दिसत नाही आणि वाट विचारायला माणूस नाही.

खेळ आमच्या गावात आला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नांदेडला इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, खिशातल्या फ्लॉपीवरून. अमेरिकेत तो ५ मे १९९२ला निघाला होता. आयडी सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने पहिल्या भागाचे दहा मजले फुकट वाटू दिले होते; म्हणून टेक्सासमधून किनवटच्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत तो हातोहात आणि उजळ माथ्याने पोचला.

क्लासच्या जुन्या मशीनला साउंड कार्ड नव्हतं, नुसता आतला स्पीकर पिकपिक करायचा. टायपिंगचा सराव आटोपला की काळ्या पडद्यावर खेळाचं नाव टाइप करायचं आणि आपण थेट कोठडीत. समोर मरून पडलेला पहारेकरी, आपल्या हातात पिस्तूल, खालच्या पट्टीत कैद्याचा चेहरा, मार बसेल तसा रक्ताळत जाणारा. बाकीची पोरं गोळ्या झाडण्यात रंगायची. दादा मागे उभा राहून एवढंच म्हणायचा, “भिंत सोडू नको बे. उजव्या हाताची धरली ना, तीच धरून चाल.”

भिंती हेच त्या खेळाचं खरं वैभव. त्या कशा उभ्या राहतात हे मला पुढे कळलं, तेव्हा मी हरखून गेलो. पडद्यावरच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी मशीन आपल्या नजरेतून एक किरण सोडतं आणि तो किती अंतरावर भिंतीला भिडला ते मोजतं. अंतर कमी तर रेघ उंच, जास्त तर बुटकी. बस, एवढंच. सगळ्या भिंती एकाच उंचीच्या, सगळे कोपरे काटकोनी, जिना नाही, चढउतार नाही, जमीन आणि छत म्हणजे नुसते सपाट रंग. एवढं सगळं सोडून दिलं म्हणूनच २८६च्या मशीनवर तो किल्ला धावू शकला. हा प्रोग्राम लिहिणारा जॉन कारमॅक तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याच्याही आधी, १९७३ साली, नासाच्या एम्स संशोधन केंद्रात कामाला येणाऱ्या शाळकरी मुलांनी ‘मेझ’ नावाचा असाच भुलभुलैया रचला होता. तिथे भिंतींच्या जागी नुसत्या रेघा होत्या. पोरवयाचा हा उद्योग आहे, आणि मला तो माणसाच्या थोर उद्योगांपैकी एक वाटतो. जे नजरेला भिडत नाही ते मशीन काढतच नाही. आपण मान वळवतो तेव्हा तेवढ्यापुरता किल्ला उभा राहतो.

पण आपल्याला तो अख्खा ध्यानात ठेवावा लागतो. खेळात नकाशा नाही. म्हणून मी गणिताची आलेखवही घेतली. प्रत्येक मजला मुळातच ६४ गुणिले ६४ चौकोनांचा, हे ठाऊक नसतानाही वहीत तो नेमका बसत गेला. दाराला आडवी रेघ, पहारेकऱ्याला फुली. एका दिशेच्या भिंती उजळ आणि त्यांना काटकोनात असलेल्या तशाच भिंती जराशा गडद असतात, हे लक्षात आल्यावर तर गरगर फिरूनही दिशा हरवेना. दार मिटलेलं असलं की बंदुकीचा आवाज पलीकडच्या दालनात पोचत नाही, हेही असंच हळूहळू उमगलं. मग दारं मिटेपर्यंत थांबायची सवय लागली. लाइट जायची तेव्हा किल्ला जायचा, वही राहायची.

एकदा असंच लाइटची वाट बघत वही चाळताना दिसलं, की एका मजल्यावर चार दालनांच्या मधोमध कोरा तुकडा राहिलाय. तिकडे जाणारं दार कुठेच नाही. एवढी जागा कुणी उगाच सोडत नाही. लाइट आली तसा मी त्या चारांपैकी एका दालनात शिरलो आणि भिंतीला लागून एकेका चौकोनासमोर स्पेसबार दाबत निघालो. प्रत्येक वेळी तोच नकाराचा आवाज. कोपऱ्याजवळ मात्र दगडी भिंत आपसूक मागे सरकू लागली, दोन घरं जाऊन थांबली. आत सोन्याचे क्रॉस, पेले, मुकुट आणि पुरेशा गोळ्या. त्या मुकुटांचे किती गुण मिळाले, आठवत नाही. कागदावरून काढलेला अंदाज भिंतीपलीकडे खरा निघाला, याने अंगावर काटा आला होता. विज्ञानाच्या तासाला मला असं कधी वाटलं नव्हतं.

मजला संपतो तिथे लिफ्ट असते. मी खरी लिफ्ट तोवर पाहिली नव्हती. तिची कळ पहिल्यांदा दाबली ती त्या किल्ल्यातच.

पुढे ‘डूम’ हाती आला. १९९३च्या डिसेंबरातला हा खेळ. त्यात जिने आले, कमीजास्त उंचीची दालनं आली, कोपऱ्यात दबा धरून बसलेला अंधार आला. लोक त्याला थोर म्हणतात, तो आहेच. पण त्यात टॅबचं बटण दाबलं की फिरून झालेल्या वाटांचा नकाशा आपोआप हजर. आलेखवही दप्तरातून निघेना. आजही वुल्फेनस्टाइनचा पहिला मजला मी कागदावर न बघता काढून दाखवीन, त्या कोठडीपासून लिफ्टपर्यंत. डूमचा एकही येत नाही.