धागा तुटला की माग थांबतो

गेल्या उन्हाळ्यात पेडण्याच्या एका टॅक्सीवाल्याने आपली इनोव्हा दुसऱ्या गाडीने ओढत माझ्या गॅरेजात आणली. मोपाच्या विमानतळावरून त्याने बेळगावचं भाडं घेतलं होतं. केरी मागे टाकून चोर्ला घाट चढायला लागल्यावर तापमानाचा काटा वर सरकला. प्रवाशांना घाई होती, घाटात सावलीला थांबायची सोय नव्हती, म्हणून त्याने एसी बंद केला आणि गाडी रेटली. माथा यायच्या आतच इंजिनाने दम तोडला.

आम्ही इंजिनाचं हेड उतरवलं, बाकावर ठेवून स्वच्छ पुसलं. त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि पलीकडून माझ्या पोराने टॉर्च धरला. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं होतं. मूळ कारण शोधलं, तर रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपला क्लिपच्या काठाशी नखाएवढी चीर पडलेली. तिथून कूलंट थेंबाथेंबाने गळत होतं. पाइप काही शेकड्यांचा आणि काम हजारोंचं. टॅक्सीवाला बाजूला स्टुलावर बसून बघत होता. म्हणाला, "मेस्ता, टोयोटाक कांय जायना म्हणून चलयत गेलों."

टोयोटाला काही होत नाही, हे वाक्य मी डिचोलीत गॅरेज टाकल्यापासून ऐकतो आहे. डिझेल इंजिनं उघडण्यात माझा जन्म गेला. या कंपनीच्या गाड्यांवरचा लोकांचा विश्वास खोटा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण हा विश्वास ज्या सवयीतून उभा राहिला, ती सवय आपण मालकांनी घेतली नाही. ती सवय म्हणजे चूक दिसली की थांबणं. तिची गोष्ट मोटारीपासून सुरू होत नाही, हातमागापासून सुरू होते.

साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ सालचा. आज जपानच्या शिझुओका प्रांतात कोसाई नावाचं गाव आहे, त्या भागातला हा सुताराचा मुलगा. घरात आई हातमागावर विणायची. तिचे कष्ट बघून त्याने लाकडी माग सुधारायला घेतला आणि १८९१ साली पहिलं पेटंट मिळवलं. पुढे वाफेवर आणि विजेवर चालणारे माग आले, पण त्यांत एक मोठी खोट होती. मधला एखादा धागा तुटला तरी यंत्र विणतच राही आणि गजच्या गज कापड वाया जाई. म्हणून प्रत्येक मागाशी माणूस उभा करावा लागे. साकिचींनी यावर उपाय काढला. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी लोंबकळत ठेवायची. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. १९२४ साली त्यांचा पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला आणि एकच कामगार कितीतरी मागांवर लक्ष ठेवू लागला. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ साली त्याचे हक्क विकत घेतले. यंत्रमागांच्या मायदेशानेच जपानी सुताराच्या मुलाची कल्पना पैसे मोजून घेतली.

साकिचींचा मुलगा किइचिरो याने याच माग कारखान्यात मोटारीचा विभाग उघडला. पहिला ट्रक १९३५ चा, पहिली विक्रीची मोटार १९३६ ची आणि स्वतंत्र मोटार कंपनी १९३७ ची. 'तोयोदा'चं 'टोयोटा' झालं, कारण जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ हा तिथे शुभ अंक. ते पहिले ट्रक मात्र वारंवार बंद पडायचे. कंपनीची माणसं रस्त्यावर जाऊन ते दुरुस्त करायची आणि मोडलेल्या भागाची माहिती परत कारखान्यात न्यायची. एका गॅरेजवाल्याला यापेक्षा जवळची गोष्ट कुठली वाटणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर याच कंपनीतल्या ताइइची ओनो यांनी मागाचं तत्त्व मोटारीच्या कारखान्यात आणलं. जिथे गाड्या जोडल्या जातात त्या रांगेत कामगाराच्या हाताशी दोरी असते. नट नीट बसला नाही, भाग वेडावाकडा वाटला, की त्याने ती ओढायची. वर फलकावर दिवा लागतो, मदतीला माणूस धावतो आणि वेळेत दोष सुटला नाही तर अख्खी रांग थांबते. त्या दिव्याच्या फलकाला 'अंदोन' म्हणतात. मुळात हा जपानीतला कागदी कंदिलाचा शब्द. दिवाळीत दारात आकाशकंदील टांगताना मला दरवर्षी तो आठवतो.

कोसाईच्या शेजारीच हामामात्सु शहर आहे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली तिथे माग बनवायला सुरुवात केली. म्हणजे आज आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसणारी मारुती सुझुकी आणि सर्वांत जास्त मान असलेली टोयोटा, दोघींचं माहेर एकाच पंचक्रोशीतलं आणि दोघींची आजी मागावर बसलेली. आता तर टोयोटाची ग्लान्झा ही मारुतीच्या बलेनोची जुळी बहीण आहे आणि रुमिऑन अर्टिगाची. गिऱ्हाईक कुजबुजत विचारतं, "मेस्ता, ही खरी टोयोटा की मारुती?" मी सांगतो, बॉनेट उघडलं की सुझुकीचं इंजिन दिसेल, त्यात लपवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही.

या कहाणीत एक धागा आपला, मराठी मुलखाचाही आहे. चोर्ला ओलांडला की तासाभरात येणाऱ्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी नव्वदच्या दशकात टोयोटा समूहाशी हातमिळवणी केली, ती आधी सूतगिरणीच्या यंत्रांसाठी. मोटारी नंतर आल्या. १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली, बंगळूरजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला आणि २००० च्या जानेवारीत क्वालिस बाजारात आली.

क्वालिस म्हणजे इंडोनेशियात १९७७ पासून चालत आलेल्या 'किजांग' या गाडीच्या एका पिढीचं भारतीय रूप. किजांग म्हणजे भेकर, तेच जे आपल्या म्हादईच्या रानात भुंकतं. नाव शोभणारं होतं, कारण दिसायला साधी पण चढणीला चिवट अशी ही गाडी. २४४६ सीसीचं डिझेल इंजिन आणि जेमतेम ७५ अश्वशक्ती. टर्बो नाही, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स नाही. लोकांनी आधी तिला जुनाट म्हटलं. मग खाणीवरच्या कंत्राटदारांनी आणि टॅक्सीवाल्यांनी ती घेतली आणि हिला काही होत नाही, असं बोलू लागले. २००५ साली तिच्या जागी इनोव्हा आली, २०१६ साली क्रिस्टा आणि २०२२ च्या अखेरीस हायक्रॉस.

डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत गाडीची परीक्षा दोन तऱ्हांनी होते. डिचोलीत खनिजाची तांबडी धूळ. खाणी जोरात होत्या तेव्हा साखळी, शिरगाव, मये या बाजूची गाडी आली की मी पहिल्यांदा एअर फिल्टर काढायचो. आपटला की फरशीवर विटकरी रांगोळी पडायची. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली परत थांबल्या. कित्येकांचे ट्रक अंगणात गवतात उभे राहिले आणि घरच्या गाडीचं सर्व्हिसिंगही लांबलं. पेडण्याच्या किनाऱ्याकडे, हरमल, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात, धुळीऐवजी खारा वारा. वरून चकचकीत दिसणारी गाडी लिफ्टवर घेतली की ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे जोड आणि स्प्रिंगच्या बैठका गंजलेल्या दिसतात. शॅसीवर बांधलेली इनोव्हा दणकट खरी, पण लोखंड ते लोखंडच. किनाऱ्यावरच्या गाडीचं पोट पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गोड्या पाण्याने धुतलंच पाहिजे.

मालक काय म्हणतात ते मी रोज ऐकतो. टॅक्सीवाला म्हणतो, मागच्या रांगेपर्यंत एसी पोचतो, पाठ दुखत नाही आणि विकताना भाव पडत नाही. घरगुती मालक म्हणतो, गाडी मुलाच्या हाती देताना धाकधूक होत नाही. तक्रारीही ठरलेल्या आहेत. किंमत भरमसाट, सुटे भाग महाग, आत सजावट बेताची आणि जुन्या इनोव्हात चढताना आईला हात द्यावा लागतो. हायब्रीडबद्दल सगळ्यांचा एकच प्रश्न, बॅटरी गेली तर? तिच्यावर कंपनीची आठ वर्षांची हमी आहे. माझं सांगणं एवढंच की तिला हवा देणारी जाळी पिशव्यांखाली आणि धुळीखाली बुजवू नका. मालकांचं कौतुक मला मान्य आहे आणि तक्रारीही. पण विश्वासाच्या भरात ते एक गोष्ट विसरतात. गाडीत त्या कारखान्यातला 'अंदोन' बसवलेलाच आहे. काट्यांच्या पाटीवरचे दिवे म्हणजे तोच.

त्यातला एक दिवा डिझेल फिल्टरचा. डिझेलात पाणी साठलं की तो लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचं. फिल्टरच्या बुडाशी छोटी चावी असते. ती सैल करून मी काचेच्या बाटलीत धार धरतो आणि मालकाला दाखवतो. खाली पाणी बसतं, वर पिवळं डिझेल तरंगतं. पाच मिनिटांचं काम. दिव्याकडे दुर्लक्ष करून तेच पाणी पंपात आणि इंजेक्टरमध्ये गेलं तर बिल पाहून माणूस खाली बसतो. दुसरा दिवा टायमिंग बेल्टचा. जुन्या इनोव्हात ठरलेले किलोमीटर झाले की तो पेटतो. काही जण बेल्ट न बदलता नुसता दिवा विझवून घेतात. अशाने बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. तेव्हा बेल्टला दोष देणारे मी पाहिलेत, दिवा विझवणाऱ्या हाताला दोष देणारा अजून पाहायचा आहे.

आता थांबलेल्या माणसाची गोष्ट. २०२१ च्या जुलैत पूर आला, तेव्हा डिचोली, सत्तरी, पेडणे सगळीकडे पाणी शिरलं. हळर्ण भागातल्या एका मालकाच्या अंगणात इनोव्हा सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्याने फोन केला. मी विचारलं, चावी फिरवलीत का? म्हणाला, "ना, तुका विचारल्याबगर कशी फिरयतलों?" त्या एका उत्तराने इंजिन वाचलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला असता तर पाणी दाबलं जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकले असते. आम्ही गाडी ओढून आणली, बॅटरी सोडवली, ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं. सिलिंडरमधून गढूळ पाणी बाहेर आलं. इंजिन, गिअर बॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमधलं तेल बदललं, ते चहात दूध घातल्यासारखं झालं होतं. चार दिवस लागले. ती गाडी आजही रोज रस्त्यावर असते.

थांबायला विसरण्याची चूक या कंपनीकडूनही झाली आहे, हे सांगितलं नाही तर माझं लिहिणं अपुरं राहील. २००९-१० साली गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून लाखो टोयोटा परत बोलवाव्या लागल्या. साकिचींचे पणतू अकिओ तोयोदा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागितली आणि कंपनी झेपेल त्यापेक्षा वेगाने वाढली हे कबूल केलं. २०२४ च्या जानेवारीत डिझेल इंजिनांच्या शक्तीच्या चाचण्यांत गैरप्रकार उघड झाले, तेही साकिचींच्या मूळ माग कारखान्यातून वाढलेल्या कंपनीत. तेव्हा आपल्याकडेही क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी काही दिवस थांबवली होती. म्हणजे नाव कितीही मोठं असलं तरी दोरी ओढणारा हात रोज जागा लागतो.

चोर्ल्यात बंद पडलेली ती इनोव्हा आम्ही हेड बदलून चालू केली. जाताना त्या टॅक्सीवाल्याला मी नव्या कूलंटची टाकी दाखवली आणि तिच्यावरच्या दोन रेघाही. दोन रेघांच्या मध्ये पातळी हवी, एवढंच बघायचं, सकाळी इंजिन थंड असताना. आता तो बघतो.

पेडण्याच्या दसऱ्याला तुम्ही गाडीला झेंडूची माळ घातली असेल, दिवाळीत पाहुणे घेऊन लांब जाल. निघायच्या आधी बॉनेट उघडा, कूलंट आणि ऑइल बघा, टायरांची हवा बघा. वाटेत पाटीवर तांबडा दिवा लागला किंवा काटा वर गेला, तर प्रवाशांची क्षमा मागा आणि गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा, रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि आपल्या मेकॅनिकला फोन करा.