कुसुंबाची तावदाने

सूर्याकडे पाठ करून पाहिलेले पान आणि सूर्याकडे तोंड करून, त्याला मध्ये धरून पाहिलेले पान, ही दोन निरनिराळी पाने होत. पहिल्याचा रंग त्याच्या पृष्ठभागावर असतो. दुसऱ्याच्या देहातून प्रकाश आरपार येतो आणि येताना पानाचे सारे अंतरंग, शिरांचे जाळे, किडीने पोखरलेली जागा, देठाकडचा गडदपणा, आपल्यासमोर उघडे करतो. काचेवर हात चालवू लागल्यापासून निसर्गाकडे मी या दुसऱ्या बाजूने पाहत आलो आहे, आणि माझ्या आयुष्यातील पुष्कळसा आनंद या दृष्टीने मला दिला आहे.

तिचे मूळ बहुधा आजोळच्या वाड्यात असावे. वडील महसूल खात्यात अव्वल कारकून होते. त्यांच्या बदलीचे हुकूम निघत आणि आमचे बिऱ्हाड तालुक्याच्या एका गावाहून दुसऱ्या गावी हलत असे, पण उन्हाळ्याची सुटी मात्र ठरलेली आजोळीच. तेथल्या दिवाणखान्याच्या दारांवर अर्धचंद्राकृती झरोके होते आणि त्यांत लाल, निळी, पिवळी, हिरवी तावदाने बसवलेली होती. दुपार कलू लागली की ते रंग जमिनीवर उतरत, बैठकीवरून दफ्तराच्या पेटीवर चढत आणि तेथून आजोबांच्या शुभ्र धोतरावर सरकत. हात पुढे केला की तळहात निळा होई आणि मागे घेतला की पुन्हा आपला.

पुढे शिक्षणासाठी मुंबईस आलो, तेव्हा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १८७८ साली पुऱ्या झालेल्या राजाबाई मनोऱ्याखालच्या ग्रंथालयात बसण्याचा योग आला. तेथील चित्रकाचांचा प्रकाश पुस्तकाच्या पानावर पडला की वाचन थांबे. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील, इंग्लंडातील विल्यम वेल्स याने घडवलेल्या खिडक्याही मी त्याच सुमारास पाहिल्या. बोरीबंदरच्या स्थानकावर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी दगडात पाने, फुले आणि पशुपक्षी कोरले आहेत. दगडाला जे लाभले ते आपल्याकडच्या काचेला का लाभू नये, सह्याद्रीतील झाडे काचेत का येऊ नयेत, हा प्रश्न त्या दिवसांत माझ्या मनात रुजला.

त्याचे उत्तर शोधण्याची सवड मात्र मीही महसूल खात्यात रुजू होऊन, जमाबंदीच्या फिरतीवर रानोमाळ हिंडू लागल्यानंतर मिळाली. फाल्गुनाच्या अखेरीस घाटपायथ्याच्या एका मुक्कामी, मोजणीचे काम आटोपून परतताना, वाटेवरचे कुसुंबाचे झाड मावळतीच्या उन्हासमोर उभे होते. कुसुंबाची कोवळी पालवी तांबडीलाल असते हे लहानपणापासून ठाऊक होते. पण त्या संध्याकाळी जोडीजोडीने आलेल्या त्या पर्णिकांतून ऊन गाळून येत होते आणि प्रत्येक पर्णिकेची मधली शीर काळ्या रेघेसारखी उठून दिसत होती. शिश्याच्या पट्ट्यांत बसवलेले तावदान याहून वेगळे काय असते? त्याच वर्षी रजा काढून मी, जुन्या इमारतींची तावदाने दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या हाताखाली उमेदवारी पत्करली.

काच कापली जाते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिच्यावर रेघ ओढून तिला त्या रेघेवर तुटण्यास राजी करावे लागते. गुरुजी जुन्या वळणाचे, हिरकणी वापरीत. मी पोलादी चाकाचे हत्यार रॉकेलमध्ये बुडवून घेतो. हात एकाच दाबाने, न थांबता, या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला तर बारीक, सलग किरकिर ऐकू येते, आणि त्या आवाजावरून काच कशी तुटणार हे आधीच कळते. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवणे निषिद्ध, कारण मग तडा मनाला येईल तिकडे धावतो. आत वळलेली कमान एका झटक्यात निघत नाही. तिला पकडीने थोडे थोडे चावे घेत खोल करावे लागते. मग कडा घासायच्या, प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून ती लाकडी पट्टीने दाबून बसवायची, आणि साठ भाग कथील व चाळीस भाग शिसे यांचा डाख वितळवून सांधे भरायचे. शिश्याच्या कामानंतर हात स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यालाही शिवायचे नाही, हा गुरुजींचा दंडक मी आजही पाळतो.

तांब्याच्या पट्टीच्या या रीतीने अमेरिकेत लुई टिफनी याच्या कारखान्यात वेलींचे आणि चतुरांचे दिवे घडले. त्यांतील विस्टेरियाच्या वेलीचा, सुमारे दोन हजार तुकड्यांचा दिवा क्लारा ड्रिस्कोल या बाईंनी कल्पिला होता. काच निवडणाऱ्या आणि कापणाऱ्या स्त्रियांच्या खात्याच्या त्या प्रमुख होत्या. त्यांच्या पत्रांवरून हे श्रेय जगापुढे यायला एकविसावे शतक उजाडावे लागले, याची खंत मला कारागीर म्हणून वाटते. फुलाचा आकार अनेकांना रेखाटता येतो, परंतु ढिगाऱ्यातून नेमकी ती काच उचलणारा डोळा दुर्मीळ असतो.

कुसुंबाने मला याच निवडीत सर्वाधिक झुंजवले. लाल काच थोडी जाड असली की उन्हातही काळवंडते. मध्ययुगीन युरोपातील काचकारांपुढे हीच अडचण होती, म्हणून ते बिनरंगी काचेवर तांब्याच्या लालाचा अगदी पातळ थर चढवीत. तशीच थराची काच मिळवल्यावर माझ्या पालवीत कोवळेपणा उतरला. दुसरा धडा रेषेने दिला. चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ सांधा गेला, तर तावदान त्या रेषेवर बिजागरीसारखे वाकते; तेव्हा फांदी कोठे वळावी हे डोळ्याइतकेच वजनही ठरवते. पानातील शीर पाणी वाहते आणि पात्याला ताठही धरते. काचेतील रेषेलाही असे काम असले पाहिजे. केवळ शोभेसाठी ओढलेली रेषा मी आराखड्यातून खोडून टाकतो.

कुसुंबाची तावदाने आमच्या पश्चिमेच्या खिडकीत आहेत. ती पाहून पुतणीने तसाच दिवा आपल्या घरासाठी मागितला, कारण तिच्या घराला मोकळे आकाश दिसेल अशी खिडकीच नाही. दिव्याला ही पारदर्शक काच चालत नाही, आतला गोळा नागडा दिसतो. तेथे प्रकाश पसरवणारी दुधाळ काच लागते, आणि दुधाळ काचेत कुसुंबाची धग उरत नाही. म्हणून मी बहाव्याची तजवीज केली आहे. त्याचे घोस मुळातच खाली लोंबतात, दिव्याच्या घाटाला शोभतात, आणि पाकळ्यांवरच्या बारीक शिरांसाठी पिवळ्यात पांढऱ्या रेघा असलेली काच हाती आली आहे. कळ्यांचा हिरवट पिवळा तेवढा अजून मिळायचा आहे.