पुष्पक आणि मोटारीचे इंजिन

१९७३ साली म्हैसूरमध्ये जी. आर. जोसियर यांनी ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी, ज्यांत एस. एम. देशपांडे हेही होते, त्यातील आराखडे तपासले आणि ही विमाने उडणे शक्य नाही, ग्रंथही विसाव्या शतकाआधीचा नाही, असा निर्वाळा दिला. वाद तेवढ्याने शमला नाही. कागदावरच्या विमानाला पडण्याचे भय नसते.

त्याच म्हैसूर राज्यात, २८ सप्टेंबर १९५८ रोजी, दुसरे एक पुष्पक खरोखर उडाले होते, आणि त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या बंगळूर येथील कारखान्यात बांधलेले हे दोन आसनी विमान डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाले. घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे; गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. पुष्पकाचे अमेरिकन एरॉन्का विमानाशी साम्य लपण्याजोगे नव्हते, पण त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. फ्लाइंग क्लबांना साधे, सोशीक विमान हवे होते आणि अशी दीडशेहून अधिक विमाने त्यांना मिळाली.

अशा जुन्या पुष्पकाचे पुनरुज्जीवन मनात आणणाऱ्याला सांगाडा फारसा अडवत नाही. कापड फाडून काढावे, नळ्या आतून गंजल्या आहेत काय ते पाहावे, खराब तेवढ्या कापून नव्या जोडाव्यात, नवे कापड ताणून त्यावर डोपचे हात द्यावेत. अडते ते इंजिनापाशी. मूळचे कॉन्टिनेंटल ९० अश्वशक्तीचे. त्याचा लहानसा भागही अमेरिकेहून डॉलर मोजून आणावा लागतो. आणि म्हैसुरातल्या कोणत्याही गॅरेजात जिप्सीचे १.३ लिटरचे, कागदोपत्री ८० अश्वशक्तीचे इंजिन ओळखीचे असते. मोह होणे स्वाभाविक आहे.

हा मोह नवा नाही. मिनेसोटातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पिटनपोल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे इंजिन आपल्या विमानाला बसवून ते उडवले. ते इंजिन संथ चालीचे असल्याने पंखा सरळ दांड्यावरच बसला. पुढे युरोपात फोक्सवॅगनच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाने तेच काम केले. जिप्सीची गोष्ट वेगळी आहे. तिची पूर्ण शक्ती मिनिटाला सुमारे ६००० फेऱ्यांवर मिळते, आणि १.८ मीटर व्यासाचा पंखा त्या गतीने फिरवला तर त्याची टोके सेकंदाला साडेपाचशे मीटरहून अधिक वेगाने, म्हणजे ध्वनीच्या कितीतरी पुढे, जातील. पंखा गर्जना करील, ओढणार नाही. म्हणून मध्ये गती अडीचपट उतरवणारी दातेरी चाके किंवा पट्टा घालावा लागतो. तेथे इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाचा हिसका आणि पंख्याचे जडत्व यांची झुंज सुरू होते व अनेक हौशी प्रयोग याच ठिकाणी मोडले आहेत. शिवाय मोटारीचे इंजिन आयुष्याचा बहुतेक काळ अल्प शक्तीवर चालते. विमान मात्र उड्डाणाच्या वेळी सगळी शक्ती मागते आणि नंतरही तासन्‌तास तीन-चतुर्थांश घेत राहते. कॉन्टिनेंटलला दोन मॅग्नेटो असतात, बॅटरी मेली तरी ठिणगी मरत नाही. जिप्सीला ती सोय स्वतः करून द्यावी लागते. पाणी आणि रेडिएटर यांचे वजन नाकात वाढले की विमानाचा तोल पुढे सरकतो, तो निराळाच.

हे सारे साधले तरी कायद्याचा प्रश्न उरतो. पुष्पकाचे प्रमाणपत्र त्याच्या मान्य इंजिनासह दिलेले असते. इंजिन बदलले की ते विमान सरकारच्या लेखी पुष्पक राहत नाही, प्रयोग ठरते. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना २०१७ मध्ये नोंदणी मिळेपर्यंत किती काळ झगडावे लागले हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. नियम कठोर आहेत खरे. पण विमान ज्याच्या छपरावर पडेल त्याने कोणता प्रयोग पत्करलेला असतो?

मोटार आणि विमान यांचे नाते या भूमीत तसे जुनेच. मोटारीच्या कारखान्याची खटपट करणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांची १९३९ साली प्रवासात विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ७०० एकरांवर निघाला तो विमानांचा कारखाना. मोटारी नंतर, कुर्ल्यात. त्या मोटारींपैकी फियाट ११०० चे इंजिन चाळीसएक अश्वशक्तीचे, म्हणजे पुष्पकाच्या गरजेच्या निम्म्याहून कमी.

तेव्हा मंडकळ्ळीच्या धावपट्टीची स्वप्ने पाहण्याआधी जिप्सीचे इंजिन जमिनीत रोवलेल्या भक्कम चौकटीवर पंख्यासह बसवावे, पूर्ण शक्तीवर शंभर तास चालवावे, आणि दर दहा तासांनी तेल गाळून त्यात धातूचे कण दिसतात काय ते पाहावे.