एकट्याने पेरू नये

माझं माहेर लातूरकडचं, सासर उंबरमाळीचं. तिकडे काळी, भेगाळणारी रानं आणि आभाळाकडे लागलेले डोळे. इकडे खर्डी आणि कसाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात आषाढभर गुडघाभर चिखल, आणि होळी उलटली की विहिरीचा तळ. तानसा, भातसा, मोडकसागर उशाशी असून एप्रिलात पाड्यांवर टँकर येतो, हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. त्यावर पुन्हा रडत बसत नाही. पण कोणतं पीक कधी घ्यायचं हे इथे पाणीच ठरवतं, म्हणून आधी सांगून ठेवलं.

भात निघाल्यावर खाचरात मी सूर्यफूल करते. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या शेजारात कुणी ते करत नव्हतं. भातामागे वाल, हरभरा, मूग. ज्याच्याजवळ पाणी त्याची भेंडी नाहीतर काकडी. आणि तेलाचं पीक म्हणजे खुरासणी. नाचणी-वरी घेऊन दमलेल्या वरकस उतारावर सासूबाई ती टाकत. टाकत म्हणजे खरोखरच टाकत: बी मुठीने फेकायचं आणि घरी यायचं. खत नाही, फवारणी नाही, गुरं तोंड लावत नाहीत. पाऊस सरता सरता सगळा उतार पिवळा होतो. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला माहेरचं सूर्यफुलाचं शिवार आठवलं. पुढे कळलं की हे दोन्ही एकाच कुळातले. खुरासणीचं फूल लहान, दाणा काळा आणि बारीक, पण तेल चांगलं सुटतं, आणि तिच्या चटणीपुढे मला शेंगदाण्याची चटणीही नको.

सासूबाई हयात होत्या तोवर सूर्यफुलाला हसायच्या. एवढं मोठं तोंड करून देतं किती, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्यांना पिकाचं गणित माझ्याहून आधी कळलं होतं.

पुस्तकात सूर्यफुलाला तिन्ही हंगाम दिलेले असतात. दिवस लहान-मोठा झाल्याने या पिकाचं फारसं अडत नाही, त्यामुळे ते खरंच केव्हाही फुलतं. पण उंबरमाळीत तीनपैकी एकच हंगाम कामाचा. पावसाळ्यात पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यात हे रोप उभं राहत नाही. उन्हाळी पेरणी फेब्रुवारीत करायची, तर दाणा भरायच्या वेळी विहीर आटलेली. उरतो मधला काळ. हळवं भात निघालं की लगेच खाचर उघडायचं. भाताने चिखलून दाबलेली माती वाळली की ढेकळं दगडासारखी होतात, आणि सूर्यफुलाचं सोटमूळ तर खोल जाऊ बघतं. म्हणून वाफसा धरून नांगरट, ढेकळं फोडणं, सरी-वरंबा. बी रात्रभर भिजवून सावलीत सुकवायचं, कारण टरफल जाड असतं. दोन ओळींत दीड फूट, दोन रोपांत एक फूट. विरळणी करताना हात आखडू नये. जीव तुटतो, पण दाटीतल्या रोपांची फुलं वाटीएवढीच राहतात. नोव्हेंबरअखेर पेरलं तर जानेवारी सरता सरता फुलोरा आणि मार्चमध्ये काढणी. विहिरीशी ही शर्यत जेमतेम जिंकता येते. कळी धरताना, फुलताना आणि दाणा भरताना अशी तीन पाणी चुकवायची नाहीत; बाकी ओलीवर भागतं.

इथपर्यंत कुणीही करू शकतो. सूर्यफुलाचं खरं काम फुलल्यावर सुरू होतं, आणि बघणाऱ्यांना नेमकं तेव्हाच वाटतं की शेतकऱ्याचं काम संपलं.

लोक पाकळ्या बघतात. त्या पाकळ्या म्हणजे कडेची वांझ फुलं. त्यांना दाणा धरत नाही. दाणा धरतो मधल्या तबकडीत, जिथे शेकडो बारीक फुलं गच्च बसलेली असतात. ती एकदम उमलत नाहीत. कडेकडून आत, रोज एक-दोन वर्तुळं, असा आठवडा-दहा दिवसांचा कार्यक्रम असतो. त्यातही प्रत्येक बारीक फुलाचा पराग आधी बाहेर पडतो आणि त्याचं स्त्रीकेसर नंतर उमलतं. शिवाय स्वतःचा पराग त्याला बहुतेक वेळा चालतही नाही. म्हणजे दुसऱ्या झाडावरून कुणीतरी पराग आणून दिला पाहिजे. वारा ते काम फारसं करत नाही, पराग जड आणि चिकट असतो. मधमाशी करते. ती आली नाही तर तबकडी बाहेरून भरल्यासारखी दिसते आणि मधला दाणा नखाने दाबला की फुसकन बसतो. नुसतं टरफल.

कृषी विद्यापीठांची शिफारस अशी की हेक्टरी पाच मधपेट्या ठेवाव्यात, नाहीतर हाताने परागीकरण करावं. माझ्या एवढ्याशा तुकड्यात मी हात वापरते. सकाळी दव उडालं की, साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, तळव्याला मलमलचा मऊ कपडा गुंडाळायचा आणि फुलामागे फूल हलकेच पुसत जायचं. जोर लावला तर नाजूक टोकं मोडतात. नुसता हात फिरवला तर पराग उचलला जात नाही. हा दाब शिकवता येत नाही, दोन ओळी गेल्या की हाताला समजतो. एका दिवसाआड हे करायचं, सगळा फुलोरा संपेपर्यंत. घरी जाताना हात हळदीला बसल्यासारखा पिवळा असतो. पाकळ्या उमलू लागताच एकदा लिटरला दोन ग्रॅम बोरॅक्स घालून फुलांवर फवारते. बोरॉन कमी पडलं तरी मधले दाणे पोचट राहतात. कीटकनाशक मात्र या दिवसांत नाही म्हणजे नाही. चार माश्या येतात, त्याही मारून काय मिळवायचं?

जानेवारीत त्या येतात तरी कमीच. खुरासणीच्या वेळी हीच सातेरी माशी उतारावर इतकी असते की चालताना कानात गुणगुण राहते, आणि पेटी कुणीच ठेवलेली नसते. खुरासणीलाही मधमाशीवाचून दाणा धरत नाही, पण तिथे सगळ्यांची खुरासणी एकदम फुललेली असते, म्हणून माश्या आपणहून गोळा होतात. माझ्या एकट्या तुकड्यासाठी त्यांनी एवढी वाट का वाकडी करावी?

एक गोष्ट मुंबईहून फार्महाऊसवर येणाऱ्यांसाठी सांगते. तुम्ही कुंपणाला सूर्यफुलं लावता आणि ती घराकडे पाठ फिरवतात म्हणून हिरमुसता. कोवळं रोप दिवसभर सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतं आणि रात्रीत पुन्हा पूर्वेला येतं, हे खरं आहे. देठाची एक बाजू दिवसा जास्त वाढते, दुसरी रात्री. पण फूल उमललं की ही फिरती थांबते आणि तोंड कायमचं पूर्वेला राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं की पूर्वेकडे तोंड असलेलं फूल सकाळी लवकर तापतं आणि पश्चिमेकडे वळवलेल्या फुलापेक्षा त्यावर पाचपट माश्या येतात. तेव्हा फूल तुमच्यासाठी नाही, माशीसाठी वळलेलं आहे. फोटो हवा असेल तर घराच्या पश्चिमेला लावा.

आता पोपट. दाणा भरू लागला की ते येतात, थव्याने, पहाटे आणि उन्हं उतरताना. तबकडीच्या कडेवर बसतात, वाकून दाणा काढतात, सोलतात, निम्मा खाली टाकतात. बुजगावणं दोन दिवस चालतं. चमकणाऱ्या फिती वाऱ्यावर आहेत तोवर चालतात. शेवटी डबा घेऊन माणूस उभा राहतो. बांधावरून जाणारे दीर म्हणाले होते, "वहिनी, पोपट पोसायला घेतलेत काय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

माहेरीही पोपट होते. मी लहान असताना त्यांच्यापायी कुणाचं पीक गेल्याचं आठवत नाही, कारण नजर जाईल तिथवर सूर्यफूलच होतं. पाखरांनी खाऊन खाऊन किती खावं! तेलासाठीचं सूर्यफूल आपल्याकडे 1969 मध्ये सोव्हिएत रशियातून आलं. क्रास्नोदारच्या पुस्तोवोईत यांनी आयुष्यभर निवड करून दाण्यातलं तेल वाढवलं होतं. त्यांचा पेरेडोविक हा वाण त्या पहिल्या खेपेत होता. 1980 मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने बीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित वाण दिला, लातूरच्या गळितधान्य संशोधन केंद्राने पुढे आपले वाण काढले, सोलापूरहून भानू आला. 1993-94 मध्ये देशात 26 लाख हेक्टरांवर सूर्यफूल होतं. आज ते तीन लाखांच्याही खाली आहे. 1997 मध्ये कर्नाटकात नेक्रोसिस हा विषाणूरोग दिसला. तो फुलकिडे पसरवतात आणि त्याला आसरा देतं गाजर गवत. बाहेरचं तेल स्वस्त झालं. सोयाबीनला भाव आणि बाजार दोन्ही मिळाले, तेही माणूस राखणीला न बसवता. मग एकेकाने सूर्यफूल सोडलं, आणि ज्यांनी सोडलं नाही त्यांच्यावर सगळ्या शिवाराची पाखरं आली. दुसऱ्या वर्षी त्यांनीही सोडलं. माझ्या भावानेही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर युद्ध आलं आणि आपल्या किराणा दुकानात सूर्यफूल तेलाचा डबा कडाडला, तेव्हा लोकांनी मला विचारलं, आता शेतकरी पुन्हा पेरतील ना? पेरतील कसे? भाव वाढला म्हणून पोपट कमी खात नाहीत.

काढणीचं सांगायचं राहिलं. तबकडीची पाठ लिंबासारखी पिवळी झाली की कापायची, उन्हात उलटी पसरायची, काठीने झोडपायची. दाणा आतून कोरडा नसेल तर साठवणीत बुरशी धरतो. तेल काढायला घाणेवाल्याकडे न्यावं, तर तो म्हणतो, एवढ्याशासाठी घाणा धुऊन लावणं परवडत नाही. खुरासणीला असं कुणी म्हणत नाही, कारण रांगेत पाच-सहा घरांची पोती असतात.

माशी, पोपट, घाणा, तिन्हींचं म्हणणं एकच आहे, आणि सासूबाईंचंही तेच होतं. सूर्यफूल वाईट पीक नाही. एकट्याचं पीक नाही. आमच्या या बाजूला ज्यांचं हळवं भात दिवाळीआधी निघतं आणि ज्यांच्या ओढ्याकाठच्या विहिरीत फेब्रुवारीपर्यंत पाणी राहतं, अशी खाचरं एकमेकांना लागून आहेत. त्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात, एकाच वाणाचं सूर्यफूल पेरावं, बांधावरचं गाजर गवत आधी उपटावं, राखणीच्या पाळ्या लावाव्यात आणि मिळून दोन-चार सातेरीच्या पेट्या आणाव्यात. तयार असाल तर दसऱ्यापूर्वी बोला, म्हणजे बियाणं एकत्र मागवता येईल. नाही जमलं, तर त्या खाचरात मी यंदा वाल टाकणार आहे.