सौ.चा ‘पण’

आमच्या घरात अंदाजाचं खातं सौ.कडे. पाहुणे किती, असं विचारलं की ती म्हणणार, “सहा, पण आठ धरा.” या ‘पण’ला मी जन्मभर हसलो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुढच्या आर्थिक वर्षासाठी महागाईचा अंदाज साडेचार टक्के सांगितला. मी लगेच मुलाला म्हणालो, “घे घर! व्याज कुठलं वाढतंय?” चढउताराचे धोके सारखेच आहेत, अशी पुस्तीही बँकेने जोडली होती. तिच्या आलेखात अंदाजाची रेघ पुढे पंख्यासारखी पसरते. भोवती ५०, ७० आणि ९० टक्के खात्रीचे पट्टे. मी पाहिली फक्त मधली रेघ!

मग युक्रेनचं युद्ध पेटलं. वर्षाची महागाई ६.७ टक्के भरली. चार टक्क्यांचा रेपो दर मे २०२२ पासून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोहोचला. मुलाच्या कर्जाचे हप्ते लांबत गेले. तो मला एका शब्दाने बोलला नाही, तेच बोचतं.

आता निवेदन आलं की चष्मा पुसून मी आधी ‘पण’ शोधतो. परवा सौ.ला विचारलं, “यंदा लाडू किती?”

“पन्नास, पण—”

मी मुकाट्याने साखर वाढवून लिहिली.